खाणीचा हिरा आणि प्रयोगशाळेचा हिरा

सुरत हे हिऱ्यांना पैलू पाडणारे जगातील सर्वांत मोठे केंद्र. गेल्या काही वर्षांत या शहरात एक नवा माल वाढीस लागला आणि त्याच्यासोबत एक इंग्रजी विशेषणही आले : ‘लॅब-ग्रोन’. जून २०२३ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीस ७.५ कॅरटचा असा हिरा भेट दिला, तेव्हापासून हे विशेषण घरोघरी पोहोचले. मराठीत त्याला कोणी ‘कृत्रिम’ म्हणतो, कोणी ‘प्रयोगशाळा-विकसित’, तर कोणी इंग्रजी शब्द तसाच ठेवतो. आमच्या मते तिन्ही पर्याय सदोष आहेत. इंग्रजी सामासिक विशेषणे मराठीत आणण्याची जी सवय आपल्याला जडली आहे, तिच्यातच या दोषाचे मूळ आहे.

इंग्रजी भाषा दोन शब्द संयोगचिन्हाने जोडते आणि त्यांच्यातील नाते वाचकावर सोपवते. ‘मशीन-मेड’ म्हणजे यंत्राने केलेले. ‘लॅब-ग्रोन’ म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेले. ‘डायमंड-स्टडेड’ म्हणजे हिऱ्यांनी मढवलेले. ‘रोझ-कट’ म्हणजे गुलाबकळीसारखे पैलू पाडलेले. वरून सारखी दिसणारी ही चार विशेषणे आतून वेगवेगळी आहेत : कोठे करण, कोठे अधिकरण, कोठे उपमा. मराठीत हे नाते विभक्तिप्रत्ययाने किंवा शब्दयोगी अव्ययाने उघड सांगावे लागते. फ्रेंच भाषेचीही बरीचशी हीच स्थिती आहे. इंग्रजीतील ‘ब्लू-आइड’ मुलगी फ्रेंचमध्ये ‘निळ्या डोळ्यांची’ होते. तेथेही समास फोडून मध्ये शब्दयोगी घालावा लागतो. म्हणून अनुवादकाने आधी इंग्रजी शब्दाचा विग्रह करावा आणि मगच मराठी शब्द शोधावा. शाळेत आपण समासाचा विग्रह करायला शिकतो तो केवळ परीक्षेपुरता नव्हे.

हा विग्रह टाळला म्हणजे काय होते? ‘पर्यावरण-मैत्रीपूर्ण पिशवी’, ‘सुरकुती-मुक्त कापड’, ‘वापरकर्ता-अनुकूल यंत्र’. शब्द मराठी, सांगाडा परका. वास्तविक पर्यावरणपूरक पिशवी, न चुरगळणारे कापड आणि वापरायला सोपे यंत्र ही मराठी तयारच आहे. याहून मासलेवाईक उदाहरण ‘डायमंड-शेप्ड’ या विशेषणाचे. कापडावरील नक्षीचे वर्णन करताना त्याचा अनुवाद ‘हिऱ्याच्या आकाराची’ असा केला, तर सुरतेतील कारागीर विचारील : कोणत्या हिऱ्याच्या? गोल, थेंबासारख्या, की चौरस? इंग्रजीच्या मनात येथे रत्न नाहीच, पत्त्यांतील चौकट आहे. मराठी गृहिणी त्याच नक्षीला शंकरपाळ्याच्या आकाराची म्हणेल आणि कोणालाही शंका राहणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘कृत्रिम’ या शब्दाचा व्युत्पत्तीने अर्थ ‘केलेला’ एवढाच. परंतु रूढीने त्याला ‘नकली’ ही छटा चिकटली आहे. काचेचा खडा नकली. प्रयोगशाळेतला हिरा मात्र कार्बनचाच स्फटिक असतो. एका पद्धतीत हिऱ्याच्या पातळ चकतीवर तप्त कक्षात मिथेन वायूतील कार्बन थरावर थर साचतो आणि स्फटिक अक्षरशः वाढतो. त्याला नकली म्हणणे हा घडवणाऱ्यावर अन्याय. आणि त्याचा उगम न सांगता नुसते ‘हिरा’ म्हणणे ही घेणाऱ्याची फसवणूक. ‘प्रयोगशाळा-विकसित’ या शब्दाचा तर विग्रहच ठरत नाही : प्रयोगशाळेने विकसित केलेले तंत्र, की प्रयोगशाळेत वाढलेला खडा?

हा केवळ शब्दच्छल नव्हे. फ्रान्सने १४ जानेवारी २००२ च्या आदेशाने अशा रत्नांसाठी ‘संश्लेषित’ या अर्थाचे विशेषण बंधनकारक केले. इंग्रजीच्या पावलावर पाऊल न टाकता त्या भाषेने आपला शब्द ठरवला आणि त्याला कायद्याचे बळ दिले. त्याची छटा रुक्ष आहे, विक्रेत्यांना ती रुचत नाही, हे खरे. पण निर्णय स्वभाषेत झाला. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१८ मध्ये हिऱ्याच्या व्याख्येतून ‘नैसर्गिक’ हा शब्द वगळला, तरी प्रयोगशाळेतील हिऱ्याचा उगम स्पष्ट सांगण्याची अट कायम ठेवली. एका विशेषणावर खडा किती किमतीला विकला जाईल हे ठरते, म्हणूनच एवढी काळजी.

आमची सूचना साधी आहे. मराठीजवळ षष्ठी आहे. विहिरीचे पाणी, नळाचे पाणी. हातमागाचे कापड, यंत्रमागाचे कापड. त्याच चालीवर खाणीचा हिरा आणि प्रयोगशाळेचा हिरा. पावतीवर एवढे पुरे. जेथे प्रक्रिया सांगायची तेथे ‘प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा’ म्हणावे. कोणी म्हणेल, हे फार घरगुती झाले, शास्त्राला समासच शोभतो. समासाला आमचा विरोध नाही. वातानुकूलित, हस्तनिर्मित, जलरोधक हे शब्द रुळले, कारण त्यांचा विग्रह वाचणाऱ्याच्या मनात आपोआप होतो. मनमिळाऊ, बोलघेवडा, जीवघेणा, कामचुकार असे अस्सल समास तर बोलीनेच घडवले. ते कोणत्याही कोशकाराची वाट पाहत थांबले नाहीत. ज्याचा विग्रह होत नाही तो समास नव्हे, ते नुसते शब्दांचे गाठोडे.

या प्रश्नात सुरतेच्या मराठी माणसाचा वाटा आहे. उधना, लिंबायत, पांडेसरा येथे खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे राहतात. तेथील महापालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. मराठी व्याकरणाचा पाया घालणारे दादोबा पांडुरंग १८३६ मध्ये आपले व्याकरण प्रसिद्ध करून पुढे याच शहरात शिक्षणकार्य करीत होते. १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजींसह त्यांनी येथेच मानवधर्म सभा स्थापिली. भाषेचा विचार या शहराला नवा नाही. जो कामगार दिवसभर हा हिरा हाताळतो, त्याच्या मुलाला वर्गात त्याचे नाव मराठीत सांगता आले पाहिजे, आणि ते सांगताना हिरा कोठून आला हेही त्याला कळले पाहिजे. सुरतेच्या मराठी शिक्षकांनी, तसेच जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सराफांनी हे दोन शब्द फळ्यावर आणि पावतीवर लिहायला प्रारंभ करावा. शासकीय परिभाषेची वाट पाहण्याचे कारण नाही.