उहुराची खुर्ची

आठ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर ‘स्टार ट्रेक’चा पहिला भाग दाखवला गेला. आज त्याला साठ वर्षे झाली. मालिकेच्या हीरकमहोत्सवानिमित्त कप्तान कर्क, स्पॉक आणि ‘एन्टरप्राइज’ यानाबद्दल भरभरून लिहिले जाईल, आणि ते योग्यही आहे. आम्हांला मात्र आज आठवण करायची आहे ती कर्कच्या पाठीमागे कानात यंत्र लावून बसणाऱ्या लेफ्टनंट उहुराची, आणि ती भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स यांची.

उहुरा ही यानावरची संदेशवहन अधिकारी. कथा तेविसाव्या शतकातली, पण ती पाहणारी अमेरिका १९६६ची होती. कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराला संरक्षण देणारा कायदा होऊन जेमतेम वर्ष लोटले होते. छोट्या पडद्यावर कृष्णवर्णीय स्त्री दिसलीच तर बहुधा दुसऱ्याच्या घरची मोलकरीण म्हणून दिसे. अशा काळात लष्करी हुद्दा असलेली, स्वाहिली बोलणारी, यंत्रांची जाण असलेली एक स्त्री पहिल्याच भागात यानाच्या नियंत्रण कक्षात बसलेली दिसली, आणि यानावरच्या कुणालाही तिचे नवल वाटले नाही. मालिकेने त्यावर भाषण ठोकले नाही, हे तिचे मोठेपण. निकोल्स यांना स्वतःलाही यात अशक्य असे काही वाटले नसणार. शिकागोजवळचे रॉबिन्स हे कृष्णवर्णीयांनी वसवलेले आणि चालवलेले गाव त्यांचे जन्मगाव, आणि त्यांचे वडील तिथले नगराध्यक्ष झाले होते. अधिकारपदावरचा कृष्णवर्णीय माणूस त्यांनी घरातच पाहिला होता.

पण साठ वर्षांनंतर कौतुक करताना हिशेब पुरता मांडला पाहिजे. खुर्ची मिळाली, तरी त्या खुर्चीला शोभेल असे काम उहुराला फारसे मिळाले नाही. मूळ मालिकेचे ७९ भाग झाले. त्यांत तिच्या वाट्याला आलेली बहुतेक वाक्ये संपर्क खुला झाल्याची वर्दी देणारी. कर्क यानावर नसला की सूत्रे स्पॉककडे जात, स्कॉट आणि सुलू या इतर अधिकाऱ्यांकडेही जात. उहुराकडे कधीच आली नाहीत. तिचे ‘न्योटा’ हे नाव पडद्यावर उच्चारले गेले ते थेट २००९च्या चित्रपटात. यानाची सूत्रे तिने पहिल्यांदा हाती घेतली ती १९७३ साली, आणि तीही व्यंगपटमालिकेत. त्या मालिकेसाठी खर्च वाचवायचा म्हणून निकोल्स आणि सुलूची भूमिका करणारे जॉर्ज ताकेई यांना आधी वगळलेच होते. हे दोघे नसतील तर मीही नाही, असे स्पॉकची भूमिका करणाऱ्या लेनर्ड निमॉय यांनी बजावले, तेव्हा त्यांना घेतले गेले. लेखकांनी मनावर घेतले की काय होऊ शकत होते, हे १९६७च्या एका भागात दिसते. बिघडलेल्या संदेशयंत्रणेच्या तारा उहुरा स्वतः जुळवत बसली आहे आणि या कामाला तुझ्याहून लायक कुणी नाही, असे स्पॉक तिला सांगतो. असे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

म्हणूनच पहिल्या हंगामानंतर निकोल्स यांनी राजीनामा दिला. त्या मूळच्या गायिका. ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाबरोबर गायलेल्या. रंगभूमी त्यांना बोलावत होती. पुढे काय झाले ते त्यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे. मालिकेचे निर्माते जीन रॉडनबेरी यांनी शनिवार-रविवार विचार करा, असे म्हटले. त्याच दोन दिवसांत एका समारंभात निकोल्स यांची गाठ मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी पडली. आपल्या मुलांना रात्री जागून पाहू देतो अशी ही एकच मालिका आहे, असे किंग यांनी सांगितले, आणि निकोल्स ती सोडणार असल्याचे ऐकताच, सोडू नका, असे त्यांनी स्पष्ट बजावले. तुम्ही गेलात तर त्या जागी कुणालाही बसवता येईल, हा त्यांचा मुद्दा होता. सोमवारी निकोल्स यांनी राजीनामा मागे घेतला. या हकिकतीत किंग यांचा शब्द मोठा आहेच, पण तो शब्द पाळण्यासाठी अपुऱ्या भूमिकेत आणखी दोन वर्षे काढली ती निकोल्स यांनी. स्टुडिओ चाहत्यांची पत्रे आपल्यापर्यंत पोचू देत नव्हता, असे त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे.

उहुराचा विषय निघाला की २२ नोव्हेंबर १९६८च्या भागातले कर्क आणि उहुरा यांचे चुंबन हमखास निघते. अमेरिकी दूरचित्रवाणीवर गोऱ्या पुरुषाने कृष्णवर्णीय स्त्रीचे घेतलेले पहिले चुंबन, असा त्याचा लौकिक आहे. तो दावा काटेकोर खरा मानता येत नाही, पण त्या काळी ते धाडस होते यात शंका नाही. मिश्रविवाहावर बंदी घालणारे राज्यांचे कायदे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले त्याला अजून दीड वर्षही झाले नव्हते. तरीही कथेत काय घडते ते विसरू नये. परग्रहावरचे सत्तांध लोक मनःशक्तीच्या बळावर दोघांना कळसूत्री बाहुल्यांसारखे नाचवतात आणि स्वतःच्या करमणुकीसाठी ते चुंबन घडवून आणतात. उहुराच्या कर्तबगारीचा तो क्षण नव्हे.

तो क्षण मालिका संपल्यानंतर आठ वर्षांनी आला, आणि तो निकोल्स यांनी स्वतः घडवला. १९७७पर्यंत नासाने एकाही स्त्रीला किंवा कृष्णवर्णीयाला अंतराळवीर म्हणून निवडले नव्हते. निकोल्स यांनी या विषयावर नासाला जाहीरपणे सुनावले, आणि नासाने स्पेस शटलसाठी उमेदवार शोधण्याचे काम त्यांच्याकडेच दिले. मी पात्र माणसे आणली आणि तरीही तुम्ही गोरे पुरुषच निवडले, तर मीच तुम्हांला न्यायालयात खेचीन, असे आपण ठणकावल्याचे त्या सांगत. मग त्या देशभर हिंडल्या, विद्यापीठांत बोलल्या, नासाच्या प्रचारपटात झळकल्या. आठ हजारांहून अधिक अर्ज आले. जानेवारी १९७८मध्ये जाहीर झालेल्या ३५ जणांत सहा स्त्रिया होत्या, तीन कृष्णवर्णीय होते आणि एक आशियाई वंशाचा होता. याचे सारे श्रेय एकट्या निकोल्स यांना देणे त्यांनाही आवडले नसते. समान संधीच्या कायद्यांचा रेटा होताच, आणि त्या सहा जणींपैकी सॅली राइड यांनी तर स्टॅनफर्डच्या विद्यार्थी वृत्तपत्रातली बातमी वाचून अर्ज केला होता. पण हे दार आपल्यासाठीही आहे, हे ज्यांना कुणी कधी सांगितलेच नव्हते, त्यांना ते पटेल अशा चेहऱ्याने सांगण्याचे काम निकोल्स यांनी केले. आमच्या मते उहुराची भूमिका इथे पुरी झाली.

पुढच्या खुणा बऱ्याच आहेत. १९७९च्या पहिल्या चित्रपटात त्याच नियंत्रण कक्षात मुंबईच्या पर्सिस खंबाटा डोके भादरून उभ्या राहिल्या. लहानपणी उहुराला पाहून हरखलेल्या अभिनेत्री व्हूपी गोल्डबर्ग ‘स्टार ट्रेक’च्या नव्या मालिकेत आल्या. १९९२मध्ये मे जेमिसन या अंतराळात गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या. ‘एन्डेव्हर’ यानावर प्रत्येक पाळीची सुरुवात त्या उहुराच्या संपर्क खुला झाल्याच्या वाक्याने करीत. लेखकांनी दुसरे काही सुचले नाही म्हणून तिच्या तोंडी दिलेले ते वाक्य खऱ्या यानावर खऱ्या कामासाठी उच्चारले गेले.

निशेल निकोल्स ३० जुलै २०२२ रोजी वयाच्या ८९व्या वर्षी गेल्या. त्या दिवशी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर भूशास्त्रज्ञ जेसिका वॉटकिन्स कामावर होत्या. तिथे दीर्घ मुक्काम करणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री.