बोलीच्या मैदानात 'जय भीम' कशासाठी?

आंबेडकरी चळवळीचे जुने साहित्य आणि वस्तू जमवणाऱ्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप आता गावोगावी झाले आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. 'जनता'चा एखादा फाटका अंक, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे पत्रक, १९६६ सालचे पंधरा पैशांचे बाबासाहेबांचे टपाल तिकीट, कुणाच्या तरी आजोबांचा समता सैनिक दलाचा बिल्ला, हे सगळे जपायला हवे असे तीस-पस्तिशीतल्या पोरांना वाटू लागले आहे. पण या ग्रुपांमधून एक अलिखित नियम रूढ होतो आहे आणि माझा त्याला विरोध आहे. ऑनलाइन लिलावात एखादी वस्तू दिसली की जो पहिल्यांदा तिचा स्क्रीनशॉट टाकून "ही मी घेतोय, जय भीम" असे लिहितो, त्याच्यापुढे ग्रुपमधल्या दुसऱ्या कुणी बोली लावायची नाही. लावली तर तो फितूर. त्याची नावासकट निंदा होते, कधी कधी त्याला ग्रुपमधून काढलेही जाते.

नियमाच्या बाजूने जे सांगितले जाते ते वरवर पटण्यासारखे आहे. आपण आपसात चढाओढ केली की किंमत वाढते आणि पैसा जातो व्यापाऱ्याच्या खिशात. त्याने तो अंक रद्दीच्या भावात किलोवर उचललेला असतो. मग आपल्याच लोकांनी आपल्याच इतिहासासाठी एकमेकांविरुद्ध हजारो रुपये का मोजायचे? प्रश्न बरोबर आहे, पण यात विकणारा नेहमी व्यापारीच आहे असे धरून चालले आहे. वस्तुस्थिती तशी नाही. वरळीच्या, नायगावच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू झाला, तशाच कितीतरी जुन्या वस्त्या मोडल्या जात आहेत. घर बदलताना माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली येते. तिच्यात वडिलांनी जपलेले अंक असतात, पावत्या असतात, परिषदांचे फोटो असतात. आता अशा घरातली नात किंवा सून मोबाईलवर फोटो काढून स्वतःच वस्तू लिलावाला लावते. तिला कर्जाचा हप्ता भरायचा असतो, नाहीतर मुलाची फी. आणि समोर पंधरा संग्राहक आधीच ठरवून गप्प बसलेले असतात. एकच जण पाचशे रुपयांची बोली लावतो आणि पाच हजारांची वस्तू घेऊन जातो. घेणारा आपला, गप्प बसणारे आपले आणि लुबाडली गेली तीही आपलीच.

याला बंधुता म्हणत नाहीत, याला कंपू म्हणतात. इंग्लंडमध्ये जुन्या वस्तूंचे व्यापारी असेच कंपू करून लिलावात एकमेकांविरुद्ध बोली लावत नसत आणि नंतर आपसात दुसरा लिलाव करून नफा वाटून घेत. हे इतके बोकाळले की मोबदला देऊन बोलीपासून दूर ठेवणे १९२७ साली तिथे कायद्याने गुन्हा ठरवावे लागले. आपल्या ग्रुपात पैशांचा मोबदला कुणी देत नाही हे खरे. पण "या वेळी तू सोड, पुढच्या वेळी मी सोडतो" हा मोबदला नाही तर काय आहे? पंचशीलातले दुसरे शील आपण रोज म्हणतो, ते फक्त खिसा कापण्यापुरते आहे का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

दुसरी तक्रार असते शेवटच्या क्षणी बोली लावणाऱ्यांची. पाच दिवस एक भाऊ आघाडीवर असतो आणि लिलाव संपायला सहा सेकंद उरली असताना दुसरा येऊन वस्तू उचलतो. लगेच "पाठीत खंजीर" वगैरे सुरू. मला यात काही गैर वाटत नाही. ईबेसारख्या ठिकाणी तुम्ही तुमची कमाल रक्कम आधीच भरून ठेवू शकता. समोरच्यापेक्षा एक टप्पा वर राहण्यापुरतीच बोली यंत्रणा तुमच्या वतीने वाढवत नेते आणि दोघांची कमाल रक्कम सारखी असेल तर आधी भरणाऱ्याला वस्तू मिळते. म्हणजे ज्याने आपली खरी रक्कम पहिल्याच दिवशी प्रामाणिकपणे भरली त्याला सहा सेकंदांची भीती नाही. हरतो तो बहुधा दहा-दहा रुपयांनी चढत जाणारा, आपल्याला किती द्यायचे आहेत हे मनाशीच न ठरवलेला माणूस. त्याचा राग मी समजू शकते, पण त्याला दगाबाजी म्हणता येणार नाही.

दगाबाजीचे प्रकार वेगळेच आहेत आणि त्यांच्याबद्दल ग्रुपात सहसा कुणी बोलत नाही. दुसऱ्यांनी मागे हटावे म्हणून चांगल्या वस्तूला "नकली आहे, झेरॉक्स आहे" म्हणून बदनाम करायचे आणि रात्री स्वतःच बोली लावायची. चालू लिलावातल्या विक्रेत्याला खासगीत गाठून "लिलाव बंद कर, रोख देतो" म्हणायचे. जिंकायचे आणि पैसे भरायचेच नाहीत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे स्वतःची वस्तू विकायला लावून मित्राच्या खात्यावरून तिची किंमत चढवायची. आपल्या १९३० च्या वस्तुविक्रय कायद्याच्या कलम ६४ नुसार अशी खोटी बोली लावून किंमत वाढवली असेल तर खरेदीदार तो व्यवहार रद्द करू शकतो. पण "आपलाच माणूस आहे, कशाला वाढवायचं" म्हणून हे दडपले जाते. 'जय भीम'चा वापर पांघरुणासारखा होतो तो इथे.

चुरशीला माझी हरकत नाही. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'ची १९३६ सालची पहिली आवृत्ती पंधराशे प्रतींची होती आणि ती दोन महिन्यांत संपली, असे बाबासाहेबांनीच दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत नोंदवले आहे. अशी प्रत बाजारात आली तर दहा जण धावणारच. माझे भांडण जिंकल्यानंतर काय होते याच्याशी आहे. प्रत कपाटात जाते, कपाटाला कुलूप लागते आणि ग्रुपवर कपाटाचा फोटो येतो. पीएच.डी. करणारी मुलगी एका अंकाची चार पाने स्कॅन करून मागते तर "बघू, सध्या गावी आहे" असे उत्तर मिळते. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही सांस्कृतिक भांडवलावर परीक्षेसाठी पानेच्या पाने लिहिली, ते भांडवल मला प्रत्यक्ष दिसले ते असल्या कपाटात.

वि. का. राजवाडे प्रभृतींनी १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढले. घरोघरचे दप्तर, रुमाल, बखरी एका ठिकाणी आणल्या. त्यांच्या इतिहासदृष्टीशी आपले शंभर वाद असतील, आहेतच. पण कागद एका छताखाली आला म्हणून त्यांचा इतिहास लिहिला गेला, आपला रद्दीत गेला. जो वाचला तो वसंत मून यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षे खस्ता खाल्ल्या म्हणून. बाबासाहेबांच्या समग्र वाङ्मयाचा पहिला खंड निघायला १९७९ साल उजाडले आणि २०२१ साली या प्रकल्पाच्या रखडपट्टीची मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. सरकारचा वेग हा असताना खासगी संग्राहकाची जबाबदारी वाढते.

आणि काही लिलाव असे असतात की तिथे एकच शिष्टाचार आहे, बोलीच लावायची नाही. उत्तर प्रदेशातल्या पिपरहवा स्तूपात १८९८ साली बुद्धधातूंसोबत सापडलेली रत्ने उत्खनन करणाऱ्या पेपे या इंग्रजाच्या वंशजांनी मे २०२५ मध्ये सदबीजमार्फत हाँगकाँगला लिलावाला काढली. जगभरातून निषेध झाला, भारत सरकारने नोटीस दिली, लिलाव थांबला आणि जुलैमध्ये गोदरेज समूहाच्या मदतीने ती भारतात परत आली. परत आली हे चांगलेच झाले, पण शेवटी पैसे मोजूनच आली, हेही विसरू नये. घराजवळचे उदाहरण हवे असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा पाहा. ऐतिहासिक मूल्य असलेले पंचाहत्तर वर्षांपूर्वीचे हस्तलिखित किंवा दस्तऐवज पुरावस्तूत मोडतो. त्याचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला तो देशाबाहेर पाठवता येत नाही. बाबासाहेबांची १९४० च्या दशकातली पत्रे परदेशी गिऱ्हाइकाला विकू पाहणारा विक्रेता दिसला तर त्याला दर विचारत बसू नका, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला कळवा.

मी ज्या दोन ग्रुपांत आहे तिथे मी एवढेच मांडले आहे. "ही मी घेतोय" हा संदेश बंद करावा. विकणारे घर आपले असेल तर त्यांना आधी वस्तूची खरी किंमत सांगावी, मग ज्याला बोली लावायची त्याने लावावी. आणि जो जिंकेल त्याने महिनाभरात वस्तूचे स्पष्ट स्कॅन ग्रुपच्या सामायिक ड्राइव्हवर टाकावे. एका ग्रुपने तिसरी अट मान्य केली आहे. आतापर्यंत अकरा अंक आणि दोन पत्रके चढली आहेत. दुसऱ्या ग्रुपात पहिल्या मुद्द्यावरूनच अजून भांडण चालू आहे.