आईबापांचा अपराध कोणता?

मराठी शाळा ओस पडत चालल्याबद्दल आमच्या नियतकालिकांतून व संमेलनांतून जो शोक चालतो, त्यात आरोपीच्या पिंजऱ्यात नेहमी एकच जोडपे उभे केलेले आढळते: मुलाचा बाप आणि त्याची आई. त्यांस इंग्रजीचे वेड लागले, शेजाऱ्याच्या मुलाच्या गळ्यातील टाय पाहून त्यांची बुद्धी चळली, स्वभाषेचा अभिमान त्यांस उरला नाही, असे हे आरोपपत्र आहे. ते वाचून दाखविणारे वक्ते आपली नातवंडे कोणत्या शाळेत धाडतात, हे विचारण्याची सभेत चाल नाही. आम्ही ते विचारू इच्छितो. कारण आमच्या मते हे आरोपपत्र भलत्याच माणसावर ठेवले गेले आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेत मूल घालावे की नाही, हे ठरविण्यास गेलेला बाप तेथे काय पाहतो? चार इयत्ता आणि दोन गुरुजी. ही काही त्या गावाची विशेष दुर्दशा नव्हे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे परिशिष्टच साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक पुरेत असे सांगते. एक गुरुजी दुसरीचे पाढे घेत असता त्याच खोलीतली पहिली पाटीवर रेघोट्या ओढीत बसते. त्यातून निवडणूक आली, जनगणना आली, की दोहोंपैकी एक गुरुजी याद्यांच्या कामास जुंपले जातात. त्यासही कायद्याने मोकळीक ठेवली आहे. शेजारच्या खाजगी शाळेतील बाई कदाचित कमी शिकलेल्या असतील, त्यांचा पगारही तुटपुंजा असेल. परंतु त्या वर्गात असतात. हा हिशेब बापास कळतो. आईचा हिशेब याहून साधा असतो. मुलींच्या शौचालयाच्या दारास कडी आहे काय आणि नळास पाणी येते काय, एवढे ती पाहते व घरी परतते. ह्या दोघांस वेडे म्हणावयाचे, तर शहाणे कोणास म्हणावे?

ह्यावर कोणी म्हणेल, की खाजगी शाळेतही पोपटपंची चालते; फी भरून बापास मिळते ते इंग्रजीचे चार तुटके शब्द. हे आम्हांस मान्य आहे. किंबहुना पुष्कळ ठिकाणी त्या मुलास ना धड मराठी येत, ना धड इंग्रजी. परंतु फसगत होते म्हणून फसलेल्यास गुन्हेगार ठरविण्याचा न्याय कोठला? शिवाय सरकारी शाळेची निवड ही सर्वांस सारखी पडत नाही. सुखवस्तू माणसाने हौसेने मूल पालिकेच्या शाळेत घातले, तर तो ध्येयवादी ठरतो, आणि प्रयोग फसला तर मूल काढून घेण्यास त्यास दुसऱ्या दिवशी मोकळीक असते. कामगाराने तेच केले, तर आप्तेष्ट हळूच विचारतात, ‘‘काही अडचण आहे का?’’ हा प्रश्न ज्याने एकदा ऐकला, तो कर्ज काढून फी भरतो.

आता सरकारची स्वतःची श्रद्धा पाहा. त्याच कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळांतील २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी राखून त्यांचा खर्च सरकारवर टाकला. हे कलम म्हणजे सरकारने आपल्याच शाळेविरुद्ध लिहून दिलेली कबुली होय. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने नियम फिरविला: एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर खाजगी शाळेवर ह्या जागांचे बंधन नाही. आपली शाळा जवळ असता दुसऱ्याच्या शाळेस पैसा का द्यावा, हा युक्तिवाद वरकरणी सरळ दिसतो. परंतु नियम करणाऱ्यांपैकी कितीजणांची मुले त्या एक किलोमीटरच्या आतील शाळेत बसत होती? पालक न्यायालयात गेले, आणि जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला.

अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने तर ऑगस्ट २०१५ मध्ये नेमक्या दुखण्यावर बोट ठेविले होते. उत्तर प्रदेशातील सरकारी नोकर व लोकप्रतिनिधी यांनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळांतच घालावी, असा तो आदेश होता. तो अमलात आला नाही, हे वेगळे सांगावयास नको. ज्याच्या ओरडण्याने कचेरी हलते, त्याचे मूल ज्या शाळेत नाही, त्या शाळेचे गळके छप्पर कोणासही दिसत नाही. रयतेच्या करातून वरिष्ठ वर्गाचे उच्च शिक्षण पोसले जाते आणि खेड्यातील प्राथमिक शिक्षण उपाशी राहते, ही जोतीराव फुल्यांची १८८२ सालची हंटर आयोगापुढील तक्रार ह्याच जातीची होती. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सर्वांसाठी समान शाळेची शिफारस केली. तिचे काय झाले, हे सर्वश्रुत आहे.

सरकारी म्हटले की लोक नाक मुरडतात, हेही पूर्ण खरे नाही. ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे धनिकांची खाजगी शाळा, हा इंग्लंडातील उफराटा अर्थ आम्ही येथेही चालविला. मुंबई महानगरपालिकेने तेच नाव आपल्या शाळांस दिले आणि त्यांपैकी काहींत केंद्रीय मंडळाचा अभ्यासक्रम आणला. २०२१ साली त्यांत जागांहून अर्ज अधिक येऊन प्रवेश सोडतीने द्यावे लागले. ‘‘तेथे इंग्रजी माध्यम होते म्हणून’’, असा आक्षेप येईल. तो काही अंशी खरा आहे, आणि मराठीच्या कैवाऱ्यांनी तो गिळून टाकू नये. परंतु इंग्रजी तर गल्लोगल्ली विकत मिळत होते. तरीही पालक पालिकेच्या दारी रांगेत उभे राहिले. जे हवेसे आहे ते सरकारने स्वतः, फुकट व नीट दिले, तर पालिकेच्या पाटीची लाज कोणास वाटत नाही. मग तीच शिक्षकसंख्या, तीच देखरेख व तोच खर्च मराठी वर्गास का मिळू नये?

२००९ च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असावेत असे ठरविले आहे, आणि शाळेचा विकास-आराखडा त्यांनीच करावयाचा आहे. मराठीच्या नावाने ठराव करणाऱ्या विद्वानांनी आपली नातवंडे तेथे घालून त्या समितीच्या सतरंजीवर बसावे, आणि दुसरे गुरुजी केव्हा मिळणार, हे गटशिक्षणाधिकाऱ्यास लेखी विचारावे.