दगडाचा पाव

टेबलावर गोल गरगरीत पाव मांडलेत आणि सुरीनं कापावेत तसे त्यांचे एकसारखे काप केलेत. बघणारीला वाटावं, आता चहा येईल! पण काप उचलायला जावं तर तो हाताला जड नि गार लागेल, कारण तो आहे नदीतला गोटा. युक्रेनच्या झान्ना कादिरोवा या शिल्पकार बाईंची ही २०२२ सालची कलाकृती. नाव 'पाल्यानित्स्या'.

पाल्यानित्स्या म्हणजे तिथला घरोघरचा गव्हाचा पाव. भरतकामाच्या कापडावर पाव नि मीठ ठेवून पाहुण्याचं स्वागत करायचं, ही त्यांची जुनी रीत. शिवाय १९३२-३३ साली मॉस्कोच्या सक्तीच्या धान्यवसुलीपायी तिथं लाखो माणसं भुकेनं मेली. अशा घरांत पावाचं मोल काय असेल, ते तुम्हीच ओळखा.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाची फौज चालून आली, तेव्हा या साध्या शब्दाला भलतंच काम लागलं. रशियन जिभेला तो नीट वळत नाही. (आपल्या 'ळ'पाशी नवख्याची फजिती होते ना, तसंच!) अनोळखी माणसाला तो शब्द म्हणायला लावायचा, अडखळला की समजायचं.

बाईंनी त्या वेळी कीव सोडून कार्पेथियन डोंगरातल्या खेड्यात आसरा घेतला होता. तिथल्या नदीत पाण्यानं गुळगुळीत झालेले गोटे त्यांना दिसले, थेट पावासारखे. त्यांनी ते यंत्रावर कापले, प्रदर्शनात मांडले आणि विक्रीचा पैसा युद्धात सापडलेल्या आपल्या माणसांसाठी पाठवला.

मला विशेष आवडलं ते हे, की यात एकही वेलबुट्टी नाही. एरवी परंपरा म्हटली की पिशवीवर, कपबशीवर जुनी नक्षी छापायची नि मोकळं व्हायचं!

अर्थात वेलबुट्टीलाही नावं ठेवायला नकोत. मारिया प्रिमाचेन्को (१९०९-१९९७) या खेड्यातल्या बाई. लहानपणी पोलिओ झालेला, भरतकाम आईकडून शिकलेल्या. पुढं त्यांनी फुलांची, अद्भुत जनावरांची चित्रं काढली आणि ती साऱ्या देशाला आपली वाटली. इवांकिव गावच्या संग्रहालयात त्यांची चित्रं होती. युद्धाच्या पहिल्याच दिवसांत ते जळालं. आग भडकलेली असताना गावकरी आत शिरले आणि हाताला लागली तेवढी चित्रं घेऊन बाहेर आले.