जुनी आलिशान मोटार : किंमत उतरते, खर्च उतरत नाही

बुटीबोरी : ऑक्टोबर 2010 मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद शहरातील उद्योजक, डॉक्टर आणि व्यावसायिकांनी एकत्र येऊन 150 मर्सिडीज-बेंझ मोटारी एकाच वेळी खरेदी केल्या. सुमारे 65 कोटी रुपयांच्या या सौद्याची चर्चा देशभर झाली. आपले शहर गुंतवणूकदारांच्या नजरेत भरावे, हा त्यामागचा उघड हेतू होता. मराठवाड्यासारख्या मागास म्हणवल्या जाणाऱ्या भागात इतकी क्रयशक्ती आहे, हे त्या एका खरेदीने दाखवून दिले आणि त्यानंतर जर्मन मोटार ही महानगरांपुरती मिरासदारी राहिली नाही.

त्या घटनेला 15 वर्षे उलटली आहेत. खासगी मोटारीच्या नोंदणीची कायदेशीर मुदतही नेमकी 15 वर्षांचीच असते. म्हणजे 2010 च्या सुमारास राज्यात उतरलेली आलिशान गाड्यांची पहिली मोठी लाट आता पुनर्नोंदणीच्या उंबरठ्यावर आली आहे, आणि तिच्यामागून आलेल्या आठ-दहा वर्षे वयाच्या गाड्या जुन्या बाजारात हात बदलत आहेत. मूळ किमतीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शात शक्तिशाली इंजिनाची जर्मन गाडी मिळू लागली, की तिचा ग्राहकही बदलतो. नागपूरच्या दक्षिणेला वर्धा मार्गावर वसलेल्या बुटीबोरीसारख्या औद्योगिक वसाहतीतील लघुउद्योजक, कंत्राटदार आणि वाहतूक व्यावसायिक हा त्या नव्या ग्राहकवर्गाचा प्रातिनिधिक चेहरा म्हणता येईल. एकीकडे हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44, दुसरीकडे येथूनच फुटणारा वर्धा-यवतमाळ-तुळजापूर मार्ग आणि हाकेच्या अंतरावर समृद्धी महामार्गाचे नागपूरकडील टोक. वेगवान मोटारीचा मोह पडावा, अशीच ही भौगोलिक स्थिती आहे. प्रश्न आहे तो या मोहाची खरी किंमत किती, हा.

स्वस्ताई येते कोठून?

जुन्या आलिशान गाड्यांचे भाव उतरण्यास अलीकडच्या काळात दोन कारणांनी हातभार लावला आहे. पहिले कारण करांचे. वस्तू व सेवा कर परिषदेच्या निर्णयानुसार 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या मोटारींवर उपकराशिवाय 40 टक्के कर लागू झाला. त्यापूर्वी 28 टक्के कर आणि त्यावर 22 टक्क्यांपर्यंत भरपाई उपकर, असा बोजा 50 टक्क्यांच्या घरात जात होता. नवी गाडी स्वस्त झाली, की जुन्या गाडीचा भावही ओढला जातो, हा बाजाराचा साधा नियम आहे.

दुसरे कारण दिल्लीचे. राजधानी परिसरात 10 वर्षांवरील डिझेल आणि 15 वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना बंदी घालणाऱ्या आदेशावर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2018 मध्ये शिक्कामोर्तब केले. ऑगस्ट 2025 मध्ये न्यायालयाने अशा वाहनांवरील कारवाईला तात्पुरता अटकाव केला. मात्र डिसेंबर 2025 मध्ये हे संरक्षण भारत स्टेज-4 व त्यापुढील वाहनांपुरतेच मर्यादित ठेवले. या अनिश्चिततेमुळे तेथील मालक सुस्थितीतील गाडीही पडेल भावाने विकण्यास तयार होतात आणि दलालांमार्फत ती इतर राज्यांत येते. महाराष्ट्रात असे वयाचे सरसकट बंधन नसल्याने येथील ग्राहकाला हा सौदा आकर्षक वाटल्यास नवल नाही.

सुट्या भागांचे वेगळे गणित

या व्यवहारातील मूळ गोम एकच आहे. गाडीची बाजारातील किंमत वर्षागणिक घटते. तिच्या सुट्या भागांची किंमत मात्र घटत नाही, उलट वाढते. 60 लाखांची गाडी 12 लाखांना मिळाली, तरी तिचा गिअरबॉक्स, टर्बोचार्जर किंवा हेडलाइट हे 60 लाखांच्या गाडीचेच असतात. त्यातील बरेचसे भाग आयात होतात, त्यांवर सीमाशुल्क भरावे लागते आणि रुपयाचा विनिमय दर घसरला की त्याचाही भार पडतो.

त्यातही वेगवान गाड्यांची दुखणी ठरावीक वयात डोके वर काढतात. मर्सिडीजसह अनेक आलिशान गाड्यांतील हवेच्या सस्पेन्शनचे रबरी फुगे कालांतराने चिरतात. फुगा गळू लागला, की ती तूट भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर अखंड चालतो आणि अखेरीस तोही जळतो. एका भागाकडे केलेले दुर्लक्ष असे दोन भागांच्या खर्चावर जाते. बीएमडब्ल्यूच्या 2007 नंतरच्या अनेक डिझेल गाड्यांत वापरलेल्या 'एन-47' इंजिनाची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या, गिअरबॉक्सकडील बाजूस आहे. ही साखळी सैल होण्याचा दोष जगभर गाजला. भाग तुलनेने किरकोळ. पण त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी मोठी उस्तवार करावी लागत असल्याने मजुरीच डोईजड होते. पोर्शच्या पहिल्या पिढीतील आठ सिलिंडरच्या काएन गाड्यांत कूलंट वाहून नेणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळ्या उष्णतेने ठिसूळ होऊन फुटत असत; पुढे त्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या नळ्या आल्या.

स्वयंचलित गिअरबॉक्सच्या तेलाबाबतही गैरसमज मोठा आहे. अनेक मोटार कंपन्यांनी हे तेल 'आयुष्यभर पुरणारे' म्हणून जाहीर केले. परंतु बीएमडब्ल्यू, ऑडी, जॅग्वार आदी गाड्यांना आठ गतींचा गिअरबॉक्स पुरविणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः मात्र 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदलण्याची शिफारस करते. पहिल्या मालकाच्या दृष्टीने 'आयुष्यभर' म्हणजे वॉरंटीचा काळ. त्यानंतरचे आयुष्य दुसऱ्या आणि तिसऱ्या मालकाच्या वाट्याला येते.

खर्चाला मर्यादा घालणारे मार्ग नाहीत असे नाही. बॉश, झेडएफ, माहले यांच्यासारखे पुरवठादार तोच भाग स्वतःच्या वेष्टनात, मोटार कंपनीच्या खोक्यातील भागापेक्षा कमी दरात विकतात. मुंबईत कुर्ला किंवा दिल्लीत मायापुरी येथील बाजारात मोडीत निघालेल्या गाड्यांचे भागही मिळतात. दरवाजा, आरसा, बंपर यांपुरता हा पर्याय व्यवहार्य आहे. एअरबॅग, ब्रेक किंवा स्टिअरिंगचे जुने भाग वापरणे हा निव्वळ जिवाशी खेळ ठरतो.

विदर्भाचे ऊन आणि पंपावरचे पेट्रोल

नागपूर परिसरात मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जाणे नवे नाही. या उन्हात दिवसभर कारखान्याच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाडीचे रबर, प्लॅस्टिक आणि वायरिंग यांचे वय झपाट्याने वाढते. टर्बो इंजिनाच्या बॉनेटखाली मुळातच तापमान अधिक असते. त्यामुळे थंड हवामानात 15 वर्षे टिकणारी नळी येथे तितकी टिकेल, अशी अपेक्षा व्यर्थ आहे. कूलंट, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट आणि नळ्या यांची उन्हाळ्यापूर्वी तपासणी ही येथे चैन नसून गरज आहे.

दुसरा मुद्दा इंधनाचा. देशाने पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट 2025 मध्ये गाठले. या धोरणाचे खंदे पुरस्कर्ते नितीन गडकरी हे नागपूरचेच खासदार. परकीय चलनाची बचत आणि ऊस-मका उत्पादकांना मिळणारा आधार, ही या धोरणाची जमेची बाजू निर्विवाद आहे. तथापि, मिश्रणाला अनुरूप गाड्या प्रामुख्याने 2023 नंतरच्या आहेत. नीती आयोगाच्या 2021 मधील आराखड्यातच, जुन्या धर्तीच्या चारचाकींच्या इंधनक्षमतेत सहा ते सात टक्के घट होऊ शकते, असे नमूद केले होते. जुन्या गाडीतील इंधनवाहिन्या आणि सील यांकडे म्हणूनच अधिक लक्ष द्यावे लागते. गाडी महिनोन् महिने उभी ठेवली, तर आर्द्रता शोषणारे इथेनॉल टाकीत त्रासदायक ठरू शकते.

कागद आधी, गाडी नंतर

यंत्राइतकीच, किंबहुना अधिक, काळजी कागदपत्रांची घ्यावी लागते. परराज्यातील गाडीला तेथील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र हवे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 नुसार 12 महिन्यांपेक्षा अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीची तेथे नव्याने नोंदणी करावी लागते. बुटीबोरीकरांच्या बाबतीत ती नागपूर ग्रामीणच्या एमएच-40 मालिकेत होईल. त्या वेळी महाराष्ट्राचा एकरकमी कर भरावा लागतो. दिल्लीच्या स्वस्त गाडीचे गणित अनेकदा येथेच फिसकटते.

15 वर्षांनंतर पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी वाढविता येते. एप्रिल 2022 पासून यासाठी मोटारीला 5 हजार, तर आयात मोटारीला 40 हजार रुपये शुल्क आहे. ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांवरील गाड्यांसाठी ते अनुक्रमे 10 हजार आणि 80 हजार रुपये करण्यात आले. याशिवाय राज्याचा पर्यावरण कर आणि योग्यता तपासणी आहेच. येथे भारतात जुळणी झालेली गाडी आणि पूर्णतः आयात केलेली गाडी यांतील भेद निर्णायक ठरतो. चाकण, छत्रपती संभाजीनगर किंवा चेन्नई येथे जुळलेली गाडी या दृष्टीने बरी.

एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना परिवहन खात्याचे अधिकृतता प्रमाणपत्र बंधनकारक झाले आहे. विक्रेत्याकडे ते नसेल, तर सौद्याची पायरी चढूच नये. इंजिनाचे सॉफ्टवेअर बदलून शक्ती वाढविलेल्या किंवा सायलेन्सर बदललेल्या गाड्यांचे आकर्षण तरुणांना फार. परंतु उत्पादकाच्या मूळ विनिर्देशात बदल केलेल्या वाहनाची नोंदणी होऊ शकत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये दिला आहे.

पुराची शंका हाही दुर्लक्षून चालणारा भाग नाही. 23 सप्टेंबर 2023 च्या अतिवृष्टीत अंबाझरी तलाव ओसंडून नागपूरच्या अनेक वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा असंख्य वाहने बुडाली. आलिशान गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक नियंत्रक बरेचदा आसनाखाली किंवा डिकीच्या तळाशी असतात. गालिचाखालील गाळ, आसनाच्या रुळांवरील गंज आणि कुबट वास या खुणा रंगरंगोटीने लपत नाहीत.

समृद्धीवरचा वेग

701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग 5 जून 2025 रोजी संपूर्ण खुला झाला. मोटारींना त्यावर ताशी 120 किलोमीटरची वेगमर्यादा आहे. 250 किलोमीटर वेगाची क्षमता असलेल्या गाडीला ही मर्यादा अपुरी वाटणे हाच खरा धोका आहे. सिमेंटच्या तापलेल्या रस्त्यावर सलग वेगाने धावताना जुनाट टायर फुटण्याची भीती असते. टायरच्या कडेवर चार आकडी निर्मितीखूण असते. '2319' म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. नक्षी शाबूत दिसली, तरी सहा-सात वर्षांचा टायर या मार्गासाठी भरवशाचा नाही. शिवाय अनेक बीएमडब्ल्यू गाड्यांत स्टेपनीच नसते. हवा नसतानाही काही अंतर धावणारे 'रन-फ्लॅट' टायर असतात. ते महाग असल्याने आधीच्या मालकाने साधे टायर बसविले असतील, तर आडरानात पंक्चर झाल्यावर गाडी ओढून नेण्याखेरीज उपाय उरत नाही.

उद्योजकाचा हिशेब

व्यवसायाच्या नावावर गाडी घेणाऱ्यांना आणखी दोन बाबी ध्यानात घ्याव्या लागतील. डिसेंबर 2024 मध्ये जैसलमेर येथील बैठकीत जीएसटी परिषदेने सर्व जुन्या वाहनांच्या विक्रीवर 18 टक्के दर निश्चित केला. हा कर पूर्ण किमतीवर नसून नफ्यावर आहे आणि तो नोंदणीकृत व्यावसायिकालाच लागू होतो. खासगी व्यक्तीला नाही. घसारा घेतला असेल, तर घसाऱ्यानंतरच्या किमतीशी तुलना होते. समजा, 30 लाखांची गाडी हिशेबवहीत 18 लाखांवर आली आणि 20 लाखांना विकली, तर 2 लाखांवर 36 हजार रुपये कर होईल. तीच 16 लाखांना विकली, तर कर नाही.

दुसरी बाब विम्याची. प्रचलित तक्त्यानुसार 10 वर्षांवरील गाडीच्या धातूच्या भागांवर 50 टक्के घसारा कापला जातो. रबर व प्लॅस्टिकवर तो कोणत्याही वयात 50 टक्के असतो. घसारामुक्त विमा इतक्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. दुरुस्तीचा खर्च विमित मूल्याच्या 75 टक्क्यांवर गेला, की गाडी संपूर्ण नुकसानीत धरली जाते. 12 लाख विमित मूल्याच्या गाडीसाठी ही रेषा 9 लाखांची. नव्या गाडीच्या दराने भाग घ्यावे लागत असल्याने समोरून बसलेला एक मध्यम धक्काही त्या रेषेपर्यंत पोहोचू शकतो.

निष्कर्ष

याचा अर्थ जुनी आलिशान गाडी घेऊच नये, असा नाही. देखभालीची सलग नोंद असलेली, मोजक्या मालकांच्या हाती राहिलेली, भारतात जुळलेली आणि खरेदीपूर्वी रॅम्पवर चढवून, संगणकीय तपासणी करून पारखलेली गाडी नव्या साध्या गाडीपेक्षा अधिक सुरक्षित आणि समाधान देणारी ठरू शकते. मात्र त्यासाठी तपासणीचे काही हजार रुपये आणि परवडत नसलेला सौदा सोडून देण्याचा संयम, दोन्ही हवेत. खरेदीच्या किमतीच्या किमान चौथा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवता येत नसेल, तर ती गाडी परवडणारी नाही, असेच समजावे.

लघुउद्योजकाच्या बाबतीत तर हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही. कच्चा माल, मजुरी आणि थकलेली येणी यांच्या कात्रीत सापडलेल्या धंद्यात खेळते भांडवल हाच प्राण असतो. तेच गिअरबॉक्सच्या दुरुस्तीत अडकले, तर दारात उभी असलेली गाडी पत वाढवत नाही, ती पोखरते. शासनाच्या पातळीवर विक्रेत्यांच्या अधिकृततेची काटेकोर अंमलबजावणी आणि प्रत्येक वाहनाच्या अपघात, विमा दावा व किलोमीटरची नोंद खरेदीदाराला सहज पाहता येईल अशी व्यवस्था झाली, तर फसवणुकीला बराच आळा बसेल. तोवर मात्र राखण खरेदीदारालाच करावी लागणार आहे. आणि त्याची सुरुवात गाडीचा रंग पाहण्यापूर्वी तिची नोंदवही उघडण्यापासून होते.