आज किरणे पोहोचली नाहीत

दरवर्षी ९, १० व ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवशी कोल्हापूरच्या श्री महालक्ष्मी अर्थात अंबाबाईच्या मंदिरात सायंकाळी किरणोत्सव होतो. मावळतीची किरणे महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप ओलांडतात आणि पितळी उंबरा, चांदीचा उंबरा असे टप्पे घेत गर्भगृहात शिरतात. परंपरेनुसार पहिल्या दिवशी ती देवीच्या चरणांना स्पर्श करतात, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचतात. मंदिरातील दिवे मालवलेले असतात. भाविक श्वास रोखून त्या सोनेरी पट्ट्याची वाटचाल पाहत उभे असतात.

मात्र दरवेळी तसे घडतेच असे नाही. कधी पश्चिमेला ढग येतात, कधी हवेत धूळ वा बाष्प असते, कधी महाद्वार रस्त्यावरील एखाद्या बांधकामाची सावली आड येते. किरणे गुडघ्यापाशी किंवा कमरेपाशी विरून जातात. अशा सायंकाळी कोल्हापूरकर काय म्हणतो? ‘आज किरणे पोहोचली नाहीत.’ दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांतही तेच छापून येते. आरती व्हायची तशी होते, आणि कुणाच्याही श्रद्धेला तसूभर बाधा येत नाही. पत्रकार म्हणून हे साधे वाक्य मी कित्येकदा ऐकले आणि लिहिलेही. त्याचे मोल कळायला मात्र फार वर्षे लागली.

मूळ प्रश्न असा आहे. अनाकलनीय वाटणाऱ्या घटनेसमोर माणूस उभा राहतो, तेव्हा तो प्रत्यक्ष घडते ते पाहतो, की घडेल असे मनात धरून आलेला असतो ते पाहतो? हा प्रश्न मी पुस्तकातून उचललेला नाही. तो माझ्या स्वतःच्या लेखणीने केलेल्या एका चुकीतून आला आहे.

२१ सप्टेंबर १९९५ हा गुरुवार होता. गणेशोत्सव संपून पंधरवडा होत आला होता, पितृपक्ष चालू होता. गणपतीची मूर्ती दूध पिते, अशी वार्ता पहाटे दिल्लीत उठली आणि दूरध्वनीवरून काही तासांत देशभर, पुढे परदेशांतील मंदिरांपर्यंत पोहोचली. मी तेव्हा पंचविशीच्या आतबाहेर होतो आणि एका दैनिकात नुकताच उमेदवारी करू लागलो होतो. पेठेतील एका लहानशा गणेशमंदिरासमोरच्या रांगेत मीही वाटी-चमचा घेऊन उभा राहिलो. पुढे एक आजी होत्या. त्यांच्या चमच्यातील दूध प्रथम हलले नाही. मागून कुणीतरी म्हणाले, ‘‘आजी, मनात शंका आणू नका.’’ आजींनी डोळे मिटले, थरथरत्या हाताने चमचा पुन्हा सोंडेला लावला आणि दूध कमी झाले. जयघोष झाला. मग माझी पाळी आली. माझ्याही चमच्यातील दूध गेले. रात्री मी बातमीत लिहिले, ‘प्रस्तुत प्रतिनिधीने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.’

त्या बातमीत एक गोष्ट नव्हती. मूर्तीच्या पायाशी एक मुलगा बसला होता. तो जमिनीवरचे दूध फडक्याने टिपून बादलीत पिळत होता. बादली अर्धी भरली होती. ती ओलांडूनच मी गाभाऱ्यात पाऊल टाकले होते. म्हणजे बादली माझ्या डोळ्यांना दिसली होती, पण मी ती पाहिली नव्हती.

कारण उलगडायला वेळ लागला नाही. काठोकाठ भरलेला चमचा तिरपा करून ओल्या पृष्ठभागाला लावला की पृष्ठीय तणावामुळे द्रव काठावरून ओढला जातो आणि मूर्तीच्या अंगावरून पातळ थराच्या रूपाने खाली उतरतो. दुधाचा असा थर पांढऱ्या किंवा आधीच ओल्या मूर्तीवर सहजी दिसत नाही. दिल्लीत शास्त्रज्ञांनी रंग मिसळलेले दूध लावून पाहिले, तेव्हा ते खाली ओघळल्याचा माग मूर्तीवर स्पष्ट दिसला. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने विषय तेथे संपला.

मनाच्या दृष्टीने मात्र तो तेथे सुरू होतो. पृष्ठीय तणाव काही २१ सप्टेंबरला जन्माला आला नव्हता. तो आदल्या दिवशीही होता आणि शतकानुशतके चालत आलेल्या प्रत्येक अभिषेकात होता. देवाला दूध घालणाऱ्या असंख्य हातांना तोवर त्यात काही विशेष आढळले नव्हते. त्या गुरुवारी दूध बदलले नाही, दगड बदलला नाही. मंदिरात येण्यापूर्वी काय दिसणार आहे हे प्रत्येकाला ठाऊक झाले होते, एवढाच काय तो बदल होता. शिवाय एक सोयही होती. दूध गेले तर देव प्रसन्न, आणि न गेले तर भक्ताच्या मनात शंका. ज्या परीक्षेत देवाचा दाखला हमखास मिळतो आणि दोष नेहमी आजींच्या पदरात पडतो, ती परीक्षा कसली?

हा भोळ्याभाबड्यांचा आजार आहे, असे कुणी म्हणेल. तसे समजण्याचे कारण नाही. फ्रान्समधील नॅन्सी येथील रेने ब्लाँडलो हे मान्यवर भौतिकशास्त्रज्ञ होते. क्ष-किरणांच्या शोधाने युरोप भारावलेला असताना, १९०३ मध्ये, त्यांनी ‘एन-किरण’ सापडल्याचे जाहीर केले. अंधाऱ्या खोलीत प्रकाशाची तीव्रता किंचित वाढल्याचे डोळ्यांनी टिपायचे, अशी त्यांची रीत होती. पाहता पाहता इतर फ्रेंच संशोधकांनाही ते किरण दिसू लागले. १९०४ मध्ये अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड त्या प्रयोगशाळेत गेले. अंधाराचा लाभ घेऊन त्यांनी उपकरणातील लोलक गुपचूप काढून घेतला. निरीक्षणे मात्र पूर्वीसारखीच चालू राहिली! जे नव्हते ते प्रशिक्षित डोळ्यांना दिसत होते, कारण ते दिसायला हवे होते. त्या प्रयोगशाळेत ‘आज किरण पोहोचले नाहीत’ असे म्हणण्याची सोयच नव्हती. नव्या औषधाच्या चाचणीत खरे औषध कुणाला व नुसती साखरेची गोळी कुणाला, हे रुग्णाला आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही कळू देत नाहीत, त्यामागचे कारण हेच. विद्वत्तेने अपेक्षा नाहीशी होत नाही. तिला लगाम घालण्याची पद्धत लावावी लागते.

आपल्या दर्शनकारांना हे नवीन नव्हते. वाळूत चमकणारा शिंपला पाहून रुपे सापडले असे वाटते, अंधुक उजेडात दोरी सर्प होते, हे दृष्टांत आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहेत. पण ते केवळ कीर्तनातील दाखले नव्हेत. भ्रम कसा घडतो यावर शतकानुशतके काटेकोर वाद झाले आहेत. नैयायिक म्हणत, अन्यत्र पाहिलेले रुपे संस्कारामुळे समोरच्या शिंपल्यावर भासते. प्रभाकर मीमांसक म्हणत, समोरचे दर्शन आणि मनातील स्मृती यांतील भेद न कळणे हाच भ्रम. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याचा आरंभच अध्यासाच्या चर्चेने केला आणि पूर्वी पाहिलेल्याचा आरोप दुसऱ्यावर कसा होतो, हे सांगितले. इंद्रियांना जाणवले म्हणजे ते प्रत्यक्ष प्रमाण, एवढ्यावर गौतमांचे न्यायशास्त्र थांबले नाही. ते ज्ञान अव्यभिचारी, म्हणजे पुढे खोटे न ठरणारे असावे, अशी अट त्यांनी घातली. ‘मी डोळ्यांनी पाहिले’ हे माझे १९९५ मधील वाक्य त्या अटीवर टिकले नसते. कला शाखेत शिकताना शुक्ति-रजताचा दृष्टांत मीही वाचला होता. पण गाभाऱ्यात त्याची आठवण झाली नाही.

येथे दोन्ही बाजूंनी आक्षेप येतात. एक पक्ष म्हणतो, अपेक्षाच सर्व काही घडवते, म्हणून भक्तांचा सारा अनुभव खोटा. हे खरे नाही. किरणोत्सवाचेच पाहा. सूर्य दक्षिणायनाच्या टोकाला २१-२२ डिसेंबरच्या सुमारास पोहोचतो. त्याआधी आणि त्यानंतर सुमारे ४१ दिवसांच्या सारख्याच अंतरावर हे दोन उत्सव येतात. त्या दिवसांत आपल्या अक्षांशावर सूर्य पश्चिमबिंदूच्या दक्षिणेला सुमारे १८ अंशांवर मावळतो. तो जसजसा खाली उतरतो, तसतशी किरणे आडवी होत मूर्तीवर वर चढतात. हे कुणी अपेक्षा केल्याने घडत नाही. कुणी पाहायला नसले तरी ते घडेल. पण अपेक्षा नसती तर ते पाहायला त्या क्षणी, त्या जागी कोण उभे राहिले असते? कुठे आणि केव्हा पाहावे, हे अपेक्षाच सांगते. ती ज्ञानाची शत्रू नव्हे.

दुसरा पक्ष म्हणतो, श्रद्धेच्या विषयात मोजमाप कशाला? त्याचेही उत्तर अंबाबाईच्या दारातच आहे. किरणांच्या वाटेत अडथळे येऊ लागले, तेव्हा ते शोधण्यासाठी पाहणी झाली. अभ्यासकांनी उपकरणे लावून प्रकाशाची तीव्रता मोजली. मोजमापाने उत्सवाचे काही उणे झाले नाही. उलट अडथळा नेमका कुठे आहे, हे त्यामुळेच कळले. ‘किरणे भक्तांना दिसली, तेवढे पुरे’ असे म्हणून सर्वांनी समाधान मानले असते, तर मार्ग मोकळा ठेवण्याची गरजच कुणाला वाटली नसती.

म्हणून प्रश्न अपेक्षा असावी की नसावी, हा नाही. आपल्या अपेक्षेत ‘नाही’ला जागा आहे काय, हा आहे. किरणोत्सवात ती आहे. दूध पिणाऱ्या मूर्तीच्या रांगेत ती नव्हती. ऑगस्ट २००६ मध्ये हे पुन्हा दिसले. १८ ऑगस्टला माहीमच्या खाडीचे पाणी गोड झाल्याची वार्ता पसरली. पावसाळ्यात मिठी नदीचे पाणी खाडीत उतरत होते आणि पाणी दूषित आहे, पिऊ नका, असे प्रशासन बजावत होते. तरी सर्व धर्मांचे लोक बाटल्या भरत राहिले. पाठोपाठ दोन-तीन दिवसांत मूर्तींनी पुन्हा दूध पिण्यास सुरुवात केल्याच्या वार्ता आल्या. या वेळी नवी कथा रचावीही लागली नाही. ११ वर्षांपूर्वीची आठवण तयारच होती.

दुधाचे दोन चमचे वाया गेले, खाडीचे पाणी पोटात गेले, यात एवढे काय बिघडले, असे वाटणाऱ्यांनी राईनपाडा आठवावा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील या गावी आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश भ्रमणध्वनीवरून अनेक दिवस फिरत होते. जमावाने ते पाच जण पाहण्यापूर्वी टोळी पाहून ठेवली होती. दारोदार भिक्षा मागत नाथांचे नाव घेणारी ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या गावांतून फिरत आली आहेत. पण त्या दिवशी कुणाला ती दिसलीच नाहीत. दोरीचा सर्प झाला आणि काठ्या दोरीवर पडल्या. पाच घरांतील कर्ती माणसे गेली. ‘थांबा, आपण समजतो तसे हे नसेल’ एवढे म्हणणारा आवाज त्या गर्दीत पुरा पडला नाही.

गाभाऱ्यातील रांग आणि बाजारातील जमाव यांची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. एकीकडे भक्ती होती, दुसरीकडे भय. परंतु डोळ्यांना फसवणारी यंत्रणा एकच होती. भक्तीच्या प्रसंगी तिला लगाम घालण्याची सवय ज्या समाजाला नसते, त्याला ती भयाच्या प्रसंगी ऐनवेळी लावता येत नाही. नवसाने संतती होते असे मानणाऱ्यांना तुकोबांनी खडा सवाल केला. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत असताना सावरकरांनी विज्ञाननिष्ठेचा आग्रह धरणारे निबंध लिहिले. एकाची विठ्ठलभक्ती आणि दुसऱ्याची राष्ट्रभक्ती त्यामुळे उणावली नाही. चिकित्सा परकी आहे, असे मानण्याचे आपल्याला काहीच कारण नाही.

माझ्या त्या बातमीचे कात्रण अजून माझ्याकडे आहे. आता नव्याने येणाऱ्या तरुण बातमीदारांना मी ते दाखवतो आणि सांगतो, मूर्तीकडे पाहाच, पण तिच्या पायाशी असलेल्या बादलीकडेही पाहा. आणि नोव्हेंबरात एकदा अंबाबाईच्या मंदिरात उभे राहा. डोळे पश्चिमेकडे लावा, हात जोडा, मनोभावे वाट पाहा. किरणे मुखापर्यंत गेली तर आनंदाने लिहा. कमरेपाशी विरली, तर तितक्याच निर्मळ मनाने लिहा की, आज किरणे पोहोचली नाहीत. हे वाक्य देवीला कधीच खटकलेले नाही.