त्या उन्हाळ्यातलं घर निबंधात का येत नाही?

'लॉकडाऊनमधील माझी सुट्टी' हा विषय वर्गात दिला की बहुतेक वह्यांमधून एकच निबंध हाती येतो. पहिल्या परिच्छेदात विषाणू आणि त्याची लक्षणं. दुसऱ्यात आईने केलेले नवनवे पदार्थ आणि बाबांसोबत खेळलेला कॅरम. तिसऱ्यात प्रदूषण कमी झालं, नद्या स्वच्छ झाल्या, पक्षी मोकळे फिरू लागले. शेवटी 'संकटातही संधी दडलेली असते' हे वाक्य ठरलेलंच. शुद्धलेखन बरं असेल तर दहापैकी सात-आठ गुण मिळतात आणि वही मिटते.

या निबंधात खोटं काही नाही, पण तो आपल्या लेकरांच्या घरातला नाही. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांतल्या किती घरांत कॅरम होता? किती बाबांना 'घरून काम' होतं? आपल्याकडे बाप वावरात किंवा मजुरीला जातो, नाहीतर पुण्या-मुंबईला कामावर असतो. तयार निबंधातलं घर दुसऱ्याच कुणाचं तरी आहे. लेकरू ते पाठ करतं आणि स्वतःचं घर लिहायच्या लायकीचं नाही, असं मनाशी धरून बसतं. निबंधाच्या गुणांपेक्षा हे नुकसान मोठं आहे, असं माझं मत आहे.

आधी तो उन्हाळा आठवू या. मार्च २०२० च्या मध्याला शाळा बंद झाल्या. पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द झाल्या आणि सगळी मुलं न लिहिताच पुढच्या वर्गात गेली. दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच. २२ मार्चला जनता कर्फ्यू, संध्याकाळी पाचला थाळ्या. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी. आधी २१ दिवस, मग ३ मे, मग १७ मे, मग ३१ मे. म्हणजे आपल्या विदर्भातला अख्खा उन्हाळा. २ एप्रिलला रामनवमी होती, पण पोहरादेवीची यात्रा भरली नाही. आखाजी घरात, १४ एप्रिलची भीमजयंती घरात, रमजानची नमाज आणि ईदही घरातच. लग्नं अंगणात उरकली, तीही मोजक्या माणसांत. टीव्हीवर २८ मार्चपासून रामायण पुन्हा लागलं आणि ज्या घरात टीव्ही चालू होता तिथे शेजारची लेकरंही दाराशी येऊन बसली. अंतर ठेवा, असं सांगून-सांगून घरची बाई थकली.

आता घरात काय चाललं होतं ते पाहू. पारा चाळिशीच्या वर, पत्र्याचं घर, दोन खोल्या, सहा-सात माणसं. एरवी उन्हाळ्यात माणसं दिवसभर लिंबाखाली, पारावर, देवळात बसतात. त्या वर्षी पार रिकामा होता आणि घर भरलेलं. पाण्याचे हंडे तेवढेच, पण हात धुणं वाढलेलं. चूल दिवसातून दोनदा पेटायची ती चारदा पेटू लागली, कारण सगळे घरी आणि सगळ्यांना भूक. वाळवणाचे दिवस होते, म्हणून कुरडया, पापड, शेवया, सरगुंडे झाले. पण ते 'नवनवे पदार्थ' नव्हते. दरवर्षीचंच काम होतं. फरक एवढाच की एरवी पाच घरच्या बाया एका घरी जमून ते करतात, त्या वर्षी ज्या त्या घरच्या बाईला ते एकटीने किंवा लेकीला हाताशी घेऊन करावं लागलं.

ही झाली अडचण. आता त्या घरात लेकरं काय शिकली, तेही बघायला हवं. आपला जिल्हा सोयाबीनचा. २०१९ च्या ऑक्टोबरात ऐन काढणीच्या वेळी पाऊस लागून राहिला आणि दाणा भिजला. त्यामुळे २०२० च्या पेरणीआधी घरचं बियाणं उगवेल का, हा प्रश्न घरोघर होता. कृषी विभागाने घरच्या घरी उगवणक्षमता तपासायला सांगितलं होतं. पोत्यातले शंभर दाणे न निवडता घ्यायचे, ओल्या बारदान्यावर दहा-दहाच्या रांगा लावायच्या, वर दुसरा ओला तुकडा टाकून गुंडाळी करायची, सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचं, आणि साधारण आठवड्याने उघडून कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर एकरी तीस किलो बियाणं पुरतं. सत्तरच्या खाली गेलं तर प्रत्येक टक्क्यामागे साधारण अर्धा किलो वाढवायचं.

हे काम ज्या घरात झालं, तिथे दाणे मोजायला लेकरंच बसली होती. ही शेकडेवारी पुस्तकातली नव्हती. बासष्ट कोंब आले तर एकरी किती किलो जास्त लागणार आणि तीन एकराला किती, हे गणित चुकलं तर नुकसान खरं होणार होतं. 'न निवडता घ्यायचे' यामागचं कारण तर नमुना निवडीचा पाठच आहे. चांगले-चांगले दाणे वेचून घेतले तर उत्तर आपल्याला आवडेल, पण वावरात ते खरं ठरणार नाही. पुढे जूनमध्ये राज्यभरातून सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी आल्या, दुबार पेरणी करावी लागली. तेव्हा या चाचणीचं मोल मोठ्यांनाही कळलं.

असंच रेशनचं. एप्रिल ते जून माणशी पाच किलो तांदूळ मोफत होता. घरात किती नावं, कार्डावर किती, नव्या बाळाचं नाव चढलं का, हा हिशोब घरातलं शिकतं लेकरूच करत होतं. जनधन खात्यात आईचे दर महिन्याला पाचशे रुपये आले, ते काढायची स्लिप कुणी भरली? पुष्कळ घरांत पाचवी-सहावीतल्या पोरीने. वीज मीटरचं वाचन थांबलं होतं, आधी सरासरी बिलं आली आणि जूनमध्ये एकदम मोठा आकडा आला. तो आकडा तीन महिन्यांत वाटून बघणं हेही गणितच. अर्ज भरणं, तारीख वाचणं, रांगेत उभं राहून विचारणं, यालाच आपण वर्गात 'उपयोजित लेखन' आणि 'संभाषण कौशल्य' म्हणतो.

पण इथेच थांबलो तर आपणही 'संकटात संधी' वालाच निबंध लिहू, फक्त कॅरमच्या जागी सोयाबीन येईल. म्हणून दुसरी बाजूही तेवढ्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. हे सगळं काम कुणाच्या वाट्याला आलं? एका घरात एकच मोबाईल असेल तर तो कुणाच्या हातात होता? 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला रोज व्हॉट्सॲपवर यायची. मोबाईल बाप घरी असेपर्यंतच मिळायचा, रिचार्ज असेपर्यंतच चालायचा, आणि भाऊ-बहीण दोघं शिकत असतील तर आधी भावाचा नंबर लागायचा. बहीण तेव्हा भांडी घासत होती किंवा धाकट्याला सांभाळत होती. सगळ्याच घरांत असं नव्हतं, पण ज्यांना घरं माहीत आहेत त्यांना हे नाकारता येणार नाही. पोरगी घरकामात हुशार झाली हे कौतुकाने सांगताना तिचं वाचन कुठे थांबलं, हेही विचारायला हवं. घर ही शाळा आहे, हे वाक्य ऐकायला छान लागतं, पण त्या शाळेत मुलाला आणि मुलीला एकच वेळापत्रक नसतं.

आणखी एक गोष्ट निबंधात कधीच येत नाही. बाहेरगावी कामाला गेलेली माणसं मे महिन्यात परत येऊ लागली, कुणी गाडीने, कुणी ट्रकमधून, कुणी मैलोन्मैल पायी. त्यांना आधी गावाबाहेर थांबवलं गेलं आणि बऱ्याच गावांत ती थांबायची जागा म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा होती. ज्या वर्गात लेकरू बसायचं, त्याच वर्गात बाप चौदा दिवस राहिला आणि लेकराने डबा फाटकापाशी ठेवून लांबूनच त्याला पाहिलं. आपल्या शाळेबद्दल याहून मोठं काय लिहायचं असतं? पण तयार निबंधात फाटकाला जागा नाही.

काही पालक म्हणतात, सर, झालं-गेलं ते कशाला उकरता? लेकराला वाईट आठवणी कशाला? हा आक्षेप मी हलका मानत नाही. ज्या घरातलं माणूस त्या काळात गेलं, तिथे जपूनच विचारावं लागतं आणि लेकराला नको असेल तर तो विषय सोडून द्यावा. पण न बोलल्याने आठवण जात नाही, ती फक्त एकटी पडते. काही शिक्षक बंधू-भगिनी म्हणतात, परीक्षेत मुद्देसूद निबंधालाच गुण मिळतात. बरोबर आहे. पण मुद्देसूद असायला तो उसना असावा लागत नाही. शंभर दाण्यांची चाचणी पायरी-पायरीने लिहिली तर तिच्याइतकं मुद्देसूद दुसरं काही नाही.

शिवाय आता एक घाई आहे. तेव्हा पहिली-दुसरीत असलेली मुलं आज मोठ्या वर्गांत आहेत आणि त्यांना तो उन्हाळा पुसटसाच आठवतो. त्याहून लहानांना तर काहीच आठवत नाही. त्यांच्यासाठी ही आठवण म्हणजे गाईडमधला निबंध, एवढंच उरेल. ते टाळायचं असेल तर हा विषय 'निबंध लिहा' म्हणून न देता 'घरी विचारून लिहा' म्हणून द्यावा. मी सुचवतो ते प्रश्न साधे आहेत. त्या उन्हाळ्यात आपल्या घरी किती माणसं होती? पाणी कोण भरायचं? मोबाईल कुणाचा होता आणि तो कुणाला किती वेळ मिळायचा? घरात पैसा कुठून आला? कोणती गोष्ट उधार आणली? आजीने कशाची भीती सांगितली आणि कशाला हसली? घरातलं एक काम निवडून ते कसं करतात, हे पायऱ्यांनी लिहा.

वही तपासताना 'माय', 'वावर', 'बारदाना', 'कुटार' असे शब्द आले तर त्यांच्याखाली लाल रेघ मारू नये. प्रमाण शब्द बाजूला लिहून द्यावा आणि दोन्ही राहू द्यावेत. एखाद्या वहीत बाप कामावरून काढल्याचं किंवा आई उपाशी राहिल्याचं आलं तर ते वर्गात मोठ्याने वाचू नये. गुण देऊन वही लेकराच्या हातात द्यावी आणि जमलं तर घरी एकदा जाऊन यावं.

पालकांनाही एक विनंती. लेकरू विचारायला आलं तर 'काय लिहायचं आपल्या घरचं' म्हणून त्याला परत पाठवू नका. घरात तेव्हा जे हाल झाले त्यात तुमची लाज नाही. चार महिने मजुरी नसताना तुम्ही घर कसं चालवलं, हे तुमच्या लेकराला दुसरं कुणीही सांगू शकणार नाही. दहा मिनिटं बसा, त्याला सांगा आणि ते लिहीत असताना मध्येच शुद्धलेखन दुरुस्त करू नका. ते आमचं काम आहे.